बाचं दुसरं बारसं

आमच्या गावाने माझ्या बाला फाशी जाताना पाहिलं ते एका रविवारी सकाळी, अंघोळी आटोपून, आमच्याच पडवीत बसून, टीव्हीवर. बा त्या वेळी तिथेच, भिंतीला टेकून, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खात होता. ही गोष्ट मी आयुष्यात पुष्कळांना सांगितली आहे आणि ऐकणारं माणूस दर वेळी हसलं आहे. मीही सोबत हसते. पण हसून झालं की माझे कान गरम होतात. नोकरी संपली, सासू झाले, आजी झाले, तरी होतात. म्हणून हसण्याचा भाग आणि त्याच्या पुढचा भाग, दोन्ही एकदा सलग लिहून ठेवते.

आमचं घर सापगावच्या पुढे, नदी ओलांडून गेलं की लागणाऱ्या गावात. घरात बा, आई, मी, बाचा धाकटा भाऊ विठ्ठलकाका आणि काकी. बा भातशेती करायचा. काका आसनगावहून गाडी पकडून कल्याणला कारखान्यात जायचा, घरातला टीव्हीही त्यानेच आणलेला. आणि माळ्यावर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, देवी. देवी म्हणजे मुखवटा. आमच्याकडे चैत्र-वैशाखात बोहाडा असतो. गावातले पुरुष देवांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून सांबळाच्या तालावर गावातून नाचत जातात, त्याला सोंग काढणं म्हणतात. कुठलं सोंग कुठल्या घराचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. गणपती एका घरात, रावण दुसऱ्या घरात, आणि सगळ्यात शेवटी, दिवस उगवल्यावर निघणारं जगदंबेचं सोंग आमच्या घरात, घरातल्या मोठ्या भावाकडे. आजोबांनंतर ते बाच्याकडे आलं. धाकट्याने सोंगाच्या पुढे टेंभा धरून चालायचं, ते काम काकाचं. लहानपणापासून मी काकाला टेंभा धरलेलाच पाहिला होता, आणि त्याला दुसरं काही हवं असेल असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

बोहाडा जवळ आला की घराला एक वेगळाच वास यायचा. आई चिंचोके भरडून त्यांची खळ शिजवायची. ती ढवळताना हात दुखायचा, मग तिची बडबड सुरू व्हायची, की बाकीच्या बायकांना एक सासू असते, मला एक सासू खाली होती आणि एक माळ्यावर. बा त्या खळीने मुखवट्याला कागदाचे तुकडे चिकटवायचा, गेल्या वर्षीच्या भेगा बुजवायचा, नव्याने रंग द्यायचा. घरात सुकी मासळी बंद व्हायची, काकीचं तोंड वाकडं व्हायचं, आणि बा हळूहळू कमी बोलायला लागायचा. सोंगाच्या बाबतीत तो फार कडक होता. मुखवटा चढवण्याआधी तो खाली बसून मुखवट्यासमोर हात जोडायचा आणि म्हणायचा, "आता मी नाय." त्यानंतर मुखवटा उतरेपर्यंत त्याला कुणी गोविंद म्हणून हाक मारलेली चालत नसे. एका वर्षी मारुतीचं सोंग घेतलेल्या माणसाने मुखवट्याआडून बिडी मागितली, तर बा त्याच्याशी पुढचा बोहाडा येईपर्यंत बोलला नाही. सोंग घेतलेला माणूस सोंग करत नसतो, तो तोच असतो, असं त्याचं म्हणणं. गावात हे सगळेच मानायचे, पण बाच्या इतकं ताणून कुणी मानत नसे.

असाच एक बोहाडा बघायला मुंबईची काही मंडळी आली होती. महिषासुराशी लढाई लागण्याआधी देवी बराच वेळ जागची हलत नाही, बोटसुद्धा हलू देत नाही, ते त्यांच्यातल्या एकाने पाहिलं आणि मुखवट्याखालचा माणूस कोण म्हणून चौकशी केली. ही मंडळी टीव्हीसाठी मालिका करत होती. मुरबाडला एक बंद पडलेली भातगिरणी होती, तिच्यात त्यांनी तुरुंग उभा केला होता. तिथे त्यांना न बोलता, न हलता बसणारा एक माणूस हवा होता. बाला त्यांनी जीपमधून नेलं. भात झोडून झालं होतं, शेतात काम नव्हतं, बा काही दिवस जाऊन-येऊन राहिला. घरी आल्यावर काय केलं म्हणून विचारलं तर म्हणायचा, "बसलो."

मालिकेचं नाव लिहीत नाही. गावात तिला सगळे फाशीची मालिकाच म्हणत. फाशीची शिक्षा झालेला एक तरुण कारकून, खून त्याने केला की नाही ते कुणालाच माहीत नाही, आणि फाशीचा दिवस जवळ येतोय. दर रविवारी एखादा नवा साक्षीदार उपटायचा, कुणाचा तरी खोटेपणा उघडा पडायचा, आता सुटतो असं वाटायचं आणि नेमकं तेव्हाच संपायचं. मग आठवडाभर गावात दुसरा विषय नसे. माझी नात हल्ली असल्या मालिका फोनवर एका बैठकीत संपवते आणि वर म्हणते काही खास नव्हती. तिला आठवडाभर ताटकळणं म्हणजे काय ते सांगून कळत नाही. तर या कारकुनाच्या शेजारच्या कोठडीत आणखी एक फाशीचा कैदी होता. तो कधी बोलायचा नाही. गुडघ्यांवर हात ठेवून भिंतीकडे बघत बसलेला असायचा. तो माझा बा.

पहिल्या रविवारी बा दिसल्याबरोबर पडवीत जो काही गलका झाला, तो आठवला की अजून बरं वाटतं. पण दोन-तीन रविवारांनंतर त्या मालिकेतला शिपाई कारकुनाला म्हणाला, की हा शेजारचा बोलत नाही, याने आपल्या बायकोला मारलंय. दुसऱ्या दिवशी मी शहापूरला शाळेत गेले तर वर्गातल्या पोरी माझ्याशी फार गोड बोलायला लागल्या. तुझ्या आईचं कसं झालं गं, असं एकीने अगदी हळू आवाजात विचारलं आणि बाकीच्या वहीत तोंड खुपसून हसल्या. घरी येऊन मी दप्तर फेकलं. आई म्हणाली, "सांग त्यांना, आये जित्ती हाय आनि भांडी घासतेय." तिला तेव्हा मजा वाटत होती.

तिची मजा लवकरच संपली, कारण गावाला आता कारकुनापेक्षा शेजारच्या कैद्याची काळजी लागली. तुमचा सुटतो का, असं जो-तो बाला विचारायचा. बाने सगळं करून ठेवलेलं होतं, त्याला शेवट माहीत होता. पण त्या मुंबईच्या लोकांनी त्याला सांगितलं होतं की आधी कुठे बोलू नका, आणि त्याने बरं म्हटलं होतं. मग तो कुणालाही सांगेना. पैजा लागल्या, हरणाऱ्याने चहा पाजायचा. आईने सुक्या बोंबलांचं आंबट कालवण केलं, जे बाला सगळ्यात आवडायचं, आणि वाढता वाढता सहज विचारल्यासारखं विचारलं. बाने कालवण ओरपलं, बरा झालाय म्हणाला आणि हात धुतले. तेव्हापासून आईने सोमवार धरले. कुणासाठी ते ती सांगायची नाही, पण मला माहीत होतं. मालिकेतल्या त्या मुक्या कैद्यासाठी ती उपास करत होती, आणि तो कैदी रात्री तिच्याच हातची भाकरी खाऊन घोरत होता.

मग तो रविवार आला. आई आत चुलीपाशी, पाठमोरी. बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर पहाट झाली, शिपाई कोठडीपाशी आले, कारकून घाबरून उठला, त्याला वाटलं आपल्यालाच न्यायला आलेत, आणि शिपायांनी शेजारचं कुलूप काढलं. बा उठला. चालायला लागला. मी ते चालणं ओळखलं. देवी देवळातून बाहेर येते तेव्हा अशीच चालते, टाच आधी, सावकाश. तोंडावर काळी पिशवी घातली, दोर गळ्यात आला, आणि मग नुसता फळीचा आवाज. कारकुनाचा चेहरा दाखवला आणि त्या रविवारचा भाग संपला.

तेवढ्यात शेजारची सखूमावशी, जिला धड दिसत नव्हतं आणि टीव्हीचं काही कळत नव्हतं, तिने गळा काढला. गेला गो माझा गोविंदा, असं म्हणत ती उठली, चाचपडत आत गेली, आणि विधवेच्या बांगड्या फोडायला म्हाताऱ्या बायका जातात तशी आईचे हात धरून उंबऱ्यावर आपटायला लागली. एक बांगडी फुटलीसुद्धा. आई ओरडली. बा हातात घास घेऊन उठला आणि म्हणाला, "सखूमावशे, मी हितं हाय." सखूमावशीने त्याच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि म्हणाली, "तू गप रे. मेलेल्या माणसाने बोलू नये."

पडवी हसून हसून लोळली. मीही हसले. आई मात्र फुटलेल्या बांगडीचे तुकडे वेचत तिथेच बसून राहिली आणि त्या दिवशी ती बाशी एक शब्द बोलली नाही. पुढे काही रविवारांनी कारकून निर्दोष ठरला, शेवटच्या भागात तुरुंगाचं दार उघडलं, आमच्या पडवीत टाळ्या पडल्या. बानेही वाजवल्या. बरा झाला, सुटला बिचारा, असं तो मनापासून म्हणाला.

फाल्गुन उजाडला आणि बोहाड्याच्या तयारीसाठी देवळात बैठक बसली. बोहाड्याचा सगळा कारभार बारकूबुवा बघायचे. गावातले सगळ्यात म्हातारे, कानाने तिखट, बोलायला मऊ. सोंगांची नावं घ्यायला सुरुवात झाली आणि देवीपाशी येऊन अडली. कुणीतरी म्हणालं की गोविंदाला देवी कशी द्यायची, तो तर फासावर गेला. आधी लोक हसले. मग हसता हसता गप्प झाले. दोर गळ्यात घेऊन मेलेलं माणूस म्हणजे अवगतीला गेलेलं. त्याच्या डोक्यावर देवी चढवायची कशी? एकाने म्हटलं, अरे ते टीव्हीतलं. दुसऱ्याने म्हटलं, टीव्हीतलं असू दे, सोंग घेतलं होतं ना त्याने? आणि सोंग घेतलेला माणूस तोच असतो हे आपल्याला कोण शिकवतो?

मी बायकांच्या बाजूला बसले होते. बारकूबुवांनी बाला पुढे बोलावलं. त्यांना त्याला वाचवायचंच होतं, हे मला तेव्हाही दिसत होतं.

"गोविंदा, एक सांग," ते म्हणाले. "गळ्यात दोर आला तवा आत कोन होता? तू होतास का तो?"

मी होतो, एवढंच बाने म्हणायचं होतं. सगळं देऊळ त्या दोन शब्दांची वाट बघत होतं, म्हणजे ते मरण लटकं ठरलं असतं.

"तो होता," बा म्हणाला. "मी नव्हतो."

मला इतकी लाज वाटली की मी पदर नसताना पदर शोधायला लागले. घरी येताना वाटेत मी त्याच्यावर तुटून पडले. मी दहावीला होते, वर्गात पहिली यायचे, त्यामुळे मला सगळंच कळत होतं. त्याला ॲक्टिंग म्हणतात, मी म्हणाले, खोटं असतं ते, सगळ्या जगाला माहीत आहे, तुला कसं माहीत नाही? बा चालता चालता थांबला. तो मला रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने अगदी शांतपणे विचारलं, "मंग देवीचाबी खोटा काय गो?" पुढे मी इतकी वर्षं शाळेत शिकवलं, मुलांना नको नको ती उत्तरं दिली, हे एक राहून गेलं.

तोड बारकूबुवांनीच काढली. फार पूर्वी उंबरमाळीच्या रानात कोळसा पाडायला गेलेला गावचा एक माणूस परत आला नाही म्हणून घरच्यांनी त्याचे दिवस घातले होते, आणि मग एक दिवस तो धडधाकट परत आला. तेव्हा जुन्या माणसांनी त्याचं नव्याने बारसं केलं, बायकोशी नव्याने लग्न लावलं, आणि तो जिवंतांत आला. तसंच गोविंदाचं करायचं. बाने मान हलवली. आईला कुणी विचारलंच नाही.

बारसं आमच्या अंगणात झालं. मुरबाडकडे दिलेली माझी आत्या त्यासाठी मुद्दाम आली, कारण नाव ठेवायला आत्या लागते. बाला अंघोळ घालून, नवं धोतर नेसवून घोंगडीत बसवलं आणि चार जणांनी घोंगडी चार कोपऱ्यांना धरून हलवली. चाळिशी ओलांडलेला, मिशा पिकायला लागलेला माणूस गुडघे छातीशी घेऊन घोंगडीत झुलत होता आणि बायका पाळणा म्हणत होत्या. म्हणत कसल्या, एका ओळीनंतर हसू फुटून गाणं थांबायचं. घोंगडी धरणाऱ्यांचे हात हसण्याने ढिले पडले आणि बा एकदा जमिनीवर आपटला. अख्खा गाव होता, शेजारच्या गावची माणसं होती, आणि कुंपणापलीकडे सायकली टाकून माझ्या वर्गातल्या पोरी आणि पोरगे उभे होते. आत्या कानाशी वाकली. दुसरं नाव तोंडात येत नाही म्हणाली आणि गोविंदच ठेवलं. बा डोळे मिटून होता. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं, राग नव्हता. तो ते सगळं खरं मानून करत होता, आणि मला तेच सहन होत नव्हतं. तो मिशीत हसला असता, एखादा डोळा मिचकावला असता, तर मी त्या पोरींकडे बघून खांदे उडवू शकले असते.

मी गोठ्यात जाऊन लपले, पण मला शोधून आणलं. लग्नात नवरीच्या मागे कलश घेऊन करवली लागते, आणि आईची बहीण कुणी आली नव्हती. तेव्हा माझ्या आईच्या लग्नात करवली मी. हिरवं लुगडं, मुंडावळ्या बांधलेली आई आणि तिच्या मागे कलश धरून मी, मान इतकी खाली की कलशातलं पाणी माझ्या पायांवर सांडत होतं. अंतरपाट दूर झाला, आईने बाच्या गळ्यात हार घातला, आणि हार घालता घालता, फक्त त्याला आणि मला ऐकू जाईल असं म्हणाली:

"पुढच्या टायमाला मरायचे आधी माला तरी सांगा."

बाने तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, मालिका सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्याला कळलं की तिचं काय झालं होतं. तो काहीतरी बोलायला गेला, पण वाजंत्री सुरू झाली.

एवढं झाल्यावर सगळं सुरळीत होणार होतं. देवळात पुन्हा बैठक बसली, बारकूबुवांनी देवीचं नाव घेतलं आणि गोविंदाकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या मनात काय आलं ते त्यांनी मोठ्याने बोलून टाकलं, आणि एकदा बोलल्यावर ते परत गिळता आलं नसतं.

"पन गोविंदा तर आता जन्मला," ते म्हणाले. "सोंग जाता मोठ्या भावाकडे. आता घरात मोठा कोन? विठ्ठल."

कुणी हसलं नाही. सगळे काकाकडे वळले. काकाने एवढंच म्हणायचं होतं, की असलं काही नको, दादाच मोठा. ते काकाच्या हातात होतं. काकाने आपल्या हातांकडे पाहिलं. रोज गाडीतून जाणारा, टाइमावर येणारा, आयुष्यभर दुसऱ्याच्या पुढे उजेड धरून चाललेला माझा काका काही बोलला नाही. काकी माझ्या शेजारी बसली होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. आईने डोळे मिटले.

"बरोबर हाय," बा म्हणाला.

त्यानंतर घरात कुणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर घर मोकळं झालं असतं. आईने खळीचं भांडं काकीच्या पुढे नेऊन ठेवलं आणि न बोलता ढवळायचं कसं ते दाखवलं. काकी दोघींच्या मधल्या जमिनीकडे बघत ढवळायला लागली. संध्याकाळी काका कामावरून आला की बा त्याला अंगणात घेऊन देवीची पावलं शिकवायचा. डोक्यावर मुखवट्याऐवजी भाताची पाटी बांधायची, वजनाची सवय व्हावी म्हणून. काकाला ताल नव्हता. तो चुकायचा, थांबायचा, आणि "दादा, माझ्याच्यान नाय व्हनार" असं म्हणायचा. माझ्या मनात यायचं, मग सांग ना तसं देवळात. तो नाही सांगायचा. बा पुन्हा पहिल्यापासून पाऊल टाकून दाखवायचा. मी पुस्तक घेऊन खिडकीत बसायचे आणि त्या दोघांपैकी कुणाची जास्त लाज वाटते ते ठरवायचा प्रयत्न करायचे. एकाची सगळं सोडून दिल्याबद्दल, दुसऱ्याची सगळं घेतल्याबद्दल. आणि माझी स्वतःची वेगळी, की शहापूरच्या पोरी काय म्हणतील हे माझ्या मनातून एक क्षणही जात नव्हतं.

बोहाड्याची शेवटची सकाळ. बाकीची सोंगं होऊन गेली, दिवस उगवला, आणि देवळाच्या दारातून देवी बाहेर आली. उजाडल्यावरही देवीच्या पुढे टेंभा पेटताच ठेवायचा असतो. तो घेऊन बा पुढे होता, देवीकडे तोंड करून, उलटं चालत. मला आधी समजलं नाही, मग त्याच्या पायांकडे पाहिलं. तो पावलं टाकत होता आणि मागचा काका ती बघून टाकत होता. महिषासुराशी लढाई झाली. देवीचा तोल एकदा गेला, बाने टेंभा जरा उजवीकडे नेला, देवी तिकडेच सावरली. लोकांना दिसत होतं, पण कुणी दाखवलं नाही की दिसतंय.

लढाईनंतर देवी घरोघर जाते. दारात घरची माणसं पाया पडतात, देवी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवते आणि काहीतरी आशीर्वाद देते. आमच्या दाराशी आली. काकीने ओटी भरली, आई वाकली, मग मी वाकले. मी लगेच काकीच्या पाठीआड झाले, कारण गर्दीत माझ्या वर्गातली तोंडं होती. शेवटी बाने टेंभा शेजाऱ्याच्या हातात दिला आणि तो धुळीत, देवीच्या पायांवर, सरळ आडवा झाला.

देवी हलली नाही. हात वर आला नाही. सांबळ वाजत राहिला, मग वाजवणारेही अडखळले. मुखवट्याच्या आतून काकाचा आवाज आला, रडका, चिरकलेला.

"दादा, ऊठ. दादा, माझ्या पाया नको पडू."

सोंगाने तोंड उघडून असं बोलणं म्हणजे सोंग मोडलं. असं आमच्या गावात कधी झालं नव्हतं. बायकांनी तोंडावर हात घेतले. बारकूबुवा काठी टेकत पुढे यायला लागले. बा आडवाच होता. त्याने डोकं न उचलता, फक्त पायांपाशी ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, पण मी अगदी जवळ होते आणि मला सगळं ऐकू आलं.

"माला दादा म्हनू नको. तू देवी हायस. मी बारका हाय, आताच जन्मलो. हात ठेव आनि म्हन."

मुखवट्याच्या कागदी कडेखालून काकाच्या गळ्यावर घामाची की कसली ओळ उतरली. मग हात वर आला आणि बाच्या डोक्यावर, अर्ध्या पांढऱ्या झालेल्या केसांवर टेकला. लहान पोरांना देवी जे म्हणते, तेच तिने म्हटलं.

"मोठा हो."

सांबळ पुन्हा सुरू झाला. मी इकडेतिकडे बघितलं, कारण मला कुणीतरी हसायला हवं होतं, म्हणजे मला त्याचा राग करता आला असता. कुणी हसत नव्हतं. कुंपणापाशी उभ्या असलेल्या पोरी खाली बघत होत्या, बारकूबुवा काठीच्या टोकाकडे बघत होते, काकीने पदर डोळ्यांवर ओढला होता, आणि काकाचं तोंड त्या मोठ्या मुखवट्याआड कुठे होतं कुणास ठाऊक. माझीही मान खाली होती आणि ती वर करायला मला धीर होत नव्हता. बा उठला, अंगावरची धूळ झटकली, शेजाऱ्याच्या हातून टेंभा घेतला. सगळ्या गावात तेव्हा त्याचीच मान तेवढी वर होती, कारण पुढच्या घरापर्यंत त्याला देवीला नीट न्यायचं होतं.